झेपंल अशी बंदूक

न्हाय शेठ, ते पिस्तूल ठेवा आत. हलकं हाय, खरं हाय, पण गोळी भरायला त्याचं वरचं मागं ओढावं लागतंय ना, चिमटीत धरून? तीच बोटं तर लकव्यानं नेली. आन् ते रिव्हॉल्वर — चाप दाबून बघितला की मघाशी, लाकडात रुतलेला खिळा हलवल्यागत. तुमचा हात तरणा हाय, तुमाला न्हाय कळायचं. आमची आपली लांब नळीचीच बरी, खांद्याला लावली की निम्मा भार खांदा घेतो. फकस्त काडतूस घालायला मधून मोडता आली पायजे. एकनळी हाय का, वापरून ढिली झालेली?

व्हय, माझ्यासाठीच. परवान्यावर माझंच नाव हाय — शरणबसप्पा. फोटोत मिशा काळ्या हायत, एवढंच. घरची दुनळी? हाय की. बिघडली न्हाय ती. बंदुकीला काय झालंय.

बाहेर रिक्षात पिशवी घेऊन बसलीय, ती आमची मालकीण, गिरिजा. तिकडं बघू नका, तिला कळंल. पिशवीत लुगडी हायत. म्हणली, तुमाला बंदूक उघडता आली तर शेतातल्या घरी येते, न्हाय तर इथनंच एसटीनं लातूरला, लेकीकडं. मला बी चल म्हणती. मी कसा जाऊ? आमच्या लिंगायतांत पुरत्यात — थोरला पोरगा बांधालाच झोपलाय. तिचा बी पोरगाच तो. त्याला सोडून निघाली म्हंजे बघा, किती भ्याली असंल.

मागल्या महिन्यात भर दुपारी दोघं अनोळखी शेतावर आले. पाणी मागितलं. तिनं तांब्या दिला, तर गळ्यातल्या चांदीच्या डबीलाच हात घातला — डबीत लिंग असतंय, त्याची पूजा झाल्याबिगर ती घास तोंडात घालत न्हाय. म्या बंदूक काढली. धरली बी. पण घोडा चढंना. अंगठा लावतोय, घसरतोय, लावतोय, घसरतोय — तर त्यातलं एक जण जवळ आलं, म्हणालं, 'आजोबा, द्या इकडं, लागंल तुमालाच.' आन् म्या दिली. हिसकावली न्हाय शेठ त्यानं. म्या दिली. त्यांनी काडतुसं काढून विहिरीत टाकली, बंदूक भिंतीला नीट टेकवली, डबी घेऊन गेले. ती बघत हुती. मठातल्या महाराजांकडनं नवं लिंग आणंस्तवर जेवली न्हाय. मग उठून लुगडी पिशवीत भरली.

आणा ती. मोडायचा खटका हाच ना? थांबा, डाव्या हातानं... गुडघ्यावर टेकवतो जरा. आता. न्हाय. थांबा की, घाई काय हाय. न्हाय होत.

शेठ, एक करा. ती आत यील बघायला. तुमी बंदूक धरून खटका दाबून ठेवा, वरनं माझा हात राहू द्या. मोडली की म्हणा, जमलं आजोबा. एवढंच म्हणा. चोर फिरून आले तर? आले तर आले, मग बघू. ती घरात पायजे शेठ. चुलीपशी कुणी खोकलं न्हाय तर घर कसलं ते. असं बघू नका माझ्याकडं.

उठली. पिशवी घेऊनच यायलीय. धरा लवकर, हात घाला खाली. ये गिरिजा, बस. हे बघ, शेठनी हलकी काढून दिली, आता मोडून दावतो तुला —

शेठ. हात का काढला, शेठ.