परमुलखातला कडू घास

ऐका हो मंडळी, नामस्मरण मागाहून, आधी एक प्रश्न! तुमच्या घरी लग्न निघालंय. सनई लागलीय, आचारी आलाय, व्याह्यांचे फोन चाललेत. आणि नेमकं तेव्हाच दुसऱ्या कुणाचं दुःख तुमच्या दारात येऊन उभं राहिलं – तर काय करायचं? दार उघडायचं? की ‘शुभकार्य आहे हो घरात, मग या’ म्हणून कडी घालायची?

थांबा, थांबा! उत्तर देऊ नका! कीर्तनात बसून सगळेच दार उघडतात. घरी गेल्यावर कोण उघडतो ते बघायचंय.

तर, कराडकडचे एक गृहस्थ. विश्रामराव सुर्वे. नाव विश्राम – आणि अंगाला विश्रांती म्हणून नाही! शेतीचे पंप विकायचे. खुर्चीत बसले तरी गुडघा हलत असायचा. बायको देवाघरी गेली, पोरं मार्गाला लागली, मग हे निघाले जग बघायला. आई होती घरी, हौसाबाई. तिनंच सांगितलं, “जा बाबा एकदाचा! घरात येरझारा घालून फरशी झिजवलीस!”

कुठं गेले? उझबेकिस्तानला! ए मृदंगवाले, हसू नका. तुम्ही तालुक्याच्या बाहेर गेलाय का कधी?

बरं, गेले ते गेले, सहलीच्या माणसांबरोबर राहावं की नाही? नाही! ह्यांना डोंगरातली खेडी बघायची. वेगळी गाडी केली. ड्रायव्हर बख्तियार, सिनेमे बघून बघून हिंदी शिकलेला. वरच्या अंगाला पोचले, खालून बातमी आली – ओढ्यानं दरड आणली, रस्ता बंद! उद्या उघडला तर उघडला. झालं! विश्रामराव गाडीभोवती फिरायला लागले, उसाच्या चरकाला बैल जुंपल्यासारखे.

तेवढ्यात समोरच्या घरातून एक म्हातारी आली. सलोमत आजी. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, तोंडात सोन्याचे दात. तिच्या नातीचं दुसऱ्या दिवशी लग्न! आली, मनगट धरलं आणि ओढायलाच लागली. “मेहमान! मेहमान!” ओळख ना पाळख! आपल्याकडं आमंत्रण असलेला माणूस मांडवात शिरला तरी दोघं विचारतात – मुलीकडचे का मुलाकडचे? आणि इथं जेवणाच्या ताटाकडं ओढत नेतायत!

अंगणात ही एवढी कढई. भात शिजतोय, मटण शिजतंय, गाजरं पडतायत, पोरीबाळी डफ वाजवतायत. विश्रामराव एका गादीवर बसले, चहाचा वाडगा हातात आला. पण मन कुठं बसतंय? बख्तियारला म्हणाले, “घरी फोन लावून येतो.” रेंज होती ती मागच्या टेकाडावर. चढले. आणि फोन लावायच्या आधी फोनच वाजला.

धाकटा भाऊ होता. दौलत.

“दादा... आई गेली रे. जेवून भिंतीला टेकून बसली, ती उठलीच नाही.”

मंडळी, थोरला मुलगा! अग्नी द्यायचा मान त्याचा. आणि तो उभा कुठं? हजारो कोस लांब, एका टेकाडावर!

दौलत विचारतोय, “दादा, सगळे जमलेत. थांबू का तुझ्यासाठी?”

विश्रामरावांनी खाली बघितलं. दरड तशीच. तिच्यापलीकडं शहर, मग विमान, मग दुसरं विमान... आईला किती थांबवायचं? म्हणाले, “नको. तू दे अग्नी.” एवढंच. फोन ठेवला. रडू आलं? नाही आलं! माणूस रडतो कुणाच्या तरी खांद्यावर. टेकाडाला खांदा असतो का?

मयताची वार्ता कळली की आपण काय करतो? अंघोळ! हे टेकाड उतरले आणि अंगातल्या कपड्यांसकट शिरले ओढ्यात. बर्फाचं पाणी ते! चार ओंजळी डोक्यावर घेतल्या आणि निथळत, कुडकुडत येऊन उभे राहिले – कुठं? फाटकाच्या बाहेर. आत पाऊल नाही.

आजीनं बघितलं, धावली. जाड अंगरखा आणला आणि शिव्याच घालायला लागली. भाषा कळत नव्हती, पण आईची शिवी कुठल्याही मुलखात कळते हो! ती अंगावर पांघरायला जाते, हे मागं सरकतात. “शिवू नका मला! शिवू नका!”

बख्तियार आला. “साहेब, आजी विचारतेय, आमच्या अन्नात काय वाईट आहे?”

“अन्नात नाही रे! माझी आई गेली. मला सुतक आहे. तुमच्या घरी नवरी आहे, तिच्यावर माझी सावली नको. मला जाऊ दे.”

बख्तियारनं आजीला सांगितलं. आजीनं अंगरखा फाटकावर ठेवला आणि आत निघून गेली. डफ बंद झाला. मग विश्रामरावांनी काय बघितलं? चार गडी आले, ती रटरटती कढई चुलीवरून उचलली. पाचव्यानं चुलीत पाणी ओतलं. फस्स! चूल विझली.

मोडलं! लग्न मोडलं माझ्यामुळं! आईला मुकलो ते मुकलो, वर परक्या पोरीच्या संसारावर पाय दिला! ह्या माणसाच्या छातीत काय झालं असेल सांगा! गाडीतली बॅग उचलली आणि ओल्या अंगानं सुटले दरडीच्या दिशेनं. बख्तियार मागून ओरडतोय, हे थांबत नाहीत.

आता म्हणा, विठ्ठल विठ्ठल! जोरात! माझा घसा सुकलाय आणि तुम्ही कुजबुजताय काय?

तर वाटेत आडवी कोण आली? तीच, सलोमत आजी! पण स्वतःच्या घरातून नाही, शेजारच्या घरातून. हातात वाडगा. साधी कणकेच्या शेवयांची आमटी आणि एक रोटी. मागं शेजारीण, आणि गावातले दोन-तीन म्हातारे. आजीनं बॅग काढून घेतली. रस्त्याकडेच्या दगडावर ह्यांना बसवलं आणि बोलायला लागली. बख्तियार एकेक वाक्य हिंदीत करून सांगतोय.

“साहेब, ती म्हणतेय, ज्या घरात माणूस गेलं त्या घरात चूल पेटत नाही. तिथं शेजारचं अन्न येतं. तू आमच्या घरी आलास. म्हणजे तुझी आई गेली ती आमच्याच घरातली गेली. मग आमची चूल कशी पेटेल? आम्ही विझवली. नातीच्या लग्नाची कढई शेजारणीच्या अंगणात नेलीय, भात तिथं शिजेल. लग्न उद्याच आहे. तू ही आमटी घे, ही शेजारणीच्या चुलीवरची आहे.”

मंडळी! अहो, हे आपलंच नाही का? मसणातून माणसं परत आली की भावकीतलं कुणीतरी पिठलं-भाकरी आणतं, पहिला घास आपल्या हातानं भरवतं. कडू घास म्हणतो आपण त्याला. तो घरच्या चुलीवरचा चालत नाही, तो दुसऱ्यानंच आणायचा असतो. विश्रामरावांना वाटलं होतं, ह्या मुलखात मला कडू घास कोण देणार?

एका म्हाताऱ्यानं विचारलं, आईचं नाव काय? “हौसाबाई.” त्यांनी ते नाव जमेल तसं उच्चारलं, ओंजळी वर केल्या, त्यांच्या रीतीनं तिच्यासाठी मागणं मागितलं आणि तळवे तोंडावरून फिरवले. आजीनं रोटीचा तुकडा आमटीत बुडवला, ह्यांच्या तोंडापाशी नेला. आणि मग तो पंचावन्न वर्षांचा माणूस तिच्या खांद्यावर डोकं टेकून ढसाढसा रडला. तिनं ओल्या डोक्यावरून हात फिरवला आणि दुसरा घास तयार केला.

झालं आख्यान. तुम्ही डोळे पुसताय. पुसा! पण मी एवढ्यावर सोडणार नाही तुम्हाला.

यजमान, उद्या तुमच्या मुलीचं लग्न, म्हणून हे कीर्तन ठेवलंत. चांगलं केलंत. मी मांडवात आलो तेव्हा बघितलं, तीन बाजू मोकळ्या आणि उत्तरेच्या बाजूला गच्च पडदा. विचारलं, हा का हो? म्हणालात, “बुवा, ऊन लागतं.” उत्तरेकडून ऊन? कधीपासून?

पडद्यापलीकडं गोदाक्कांचं घर आहे. त्यांचे मालक गेले, अजून दहावा व्हायचाय. त्या घरात एकटी बाई माझा टाळ ऐकत बसलीय. किती जण गेलात? मोबाइलवर हात जोडल्याचं चित्र सगळ्यांनी पाठवलंत. आणि पिठलं? ‘आमच्याकडं कार्य आहे, कसं जाणार’ – हेच ना? अहो, त्या सलोमत आजीकडं काय बारसं होतं?

नवरी मुली, तू ऊठ. बापाची वाट बघू नकोस. काढ तो पडदा! आणि यजमान, आता ते तुमच्याच घरातलं माणूस गेलं; तुमची चूल नको, पलीकडच्या शेजाऱ्यांना सांगा दोन भाकरी थापायला, आपण सगळे घेऊन जाऊ. टाळकरी, टाळ खाली ठेवा. गोदाक्का जेवल्याशिवाय मी आरतीचा कापूर लावणार नाही.