वेलीच्या खाचा

“बंदूक पोलिसांना देऊन टाक, पण लाकडाचा दस्ता तू स्वतः जाळ,” आईने शेवटच्या आजारात थोरलीचा हात धरून सांगितलं होतं, आणि थोरलीने हो म्हटलं होतं. आज आजोबांची शिकारीची बंदूक मांडीवर घेऊन ती पोलीस ठाण्याच्या बाकावर बसली होती. शेजारी भाऊ कुजबुजत होता.

“ताई, जमा नको करूस. जुन्या वस्तूंचा व्यापारी फाटकाशी थांबलाय.”

“थांबू दे.”

“अगं, कोरीवकाम बघ तरी! हरिण, पाडस, ही वेल. त्याला दस्त्याचंच वेड आहे. पुसूसुद्धा नका म्हणाला.”

“का रे?”

“खाचांत काळेपणा साचलाय ना, तो म्हणे जुनेपणाचा. मोल त्याचंच.”

“जुनेपणाचा नाही तो. तू तेव्हा वसतिगृहात होतास.”

“कधी?”

“धाकटा गेला तेव्हा.”

“बंदूक साफ करताना गोळी सुटली. माहीत आहे मला.”

“मग रक्त कुठे गेलं असेल? आईने सुईने एकेक खाच कोरली. निघालं नाही.”

भावाने दस्त्यावरचा हात काढून घेतला.

“मला कुणी सांगितलं नाही.”

“तुझी परीक्षा होती.”

“बंदूकवाल्या बाई, या!” खिडकीतून हवालदाराने हाक मारली.

“दादा, दस्ता काढून नेला तर चालेल?”

“न्या की. लाकडाची आम्ही काय पूजा करणार?”

थोरलीने स्क्रू काढले, दस्ता शालीत गुंडाळला आणि उरलेली बंदूक खिडकीतून आत दिली.

“ताई, व्यापाऱ्याला काय सांगू?”

“सांग, पुसायला गेलो आहोत.”

“काडेपेटी आहे?”

“आहे,” म्हणत ती मागच्या दाराने घराच्या वाटेला लागली.