ताटातला बांध

मॅडम : ओढ्याला पाणी नाही म्हणता?

वाटाड्या : उन्हाळ्यात थेंब नसतो, मॅडम.

मॅडम : मग 'नैसर्गिक शांतता' लिहू. कोरडा म्हटलं की आलिशान सहलीची शान जाते. पुढे, डोंगरामागचा सूर्यास्त.

वाटाड्या : डोंगरामागून तो उगवतो. मावळतो दुसऱ्या बाजूला.

मॅडम : स्थानिक जाणकार म्हणून बोलावलंय ना तुम्हाला? करा काहीतरी सोय.

वाटाड्या : सूर्याची?

मॅडम : अहो, एका माणसासाठी खास आखतोय ही सहल! चाळीस प्रश्नांचा फॉर्म भरून घेतलाय. पाहुणा क्रमांक सत्तावीस. नाव विचारू नका, आमच्याकडे सगळं गुप्त असतं. तुमचं गाव त्यांनीच निवडलंय.

वाटाड्या : आमचं? आमच्याकडे रस्ता चुकलेलेच तेवढे येतात.

मॅडम : आता मुख्य गोष्ट. गावातल्या एका घरी जेवण. घर अनोळखी हवं, वाढायला म्हातारी आई हवी. आणि रडारड नको.

वाटाड्या : म्हाताऱ्या पैशाला पासरी आहेत. न रडणारी मिळणं कठीण. मागच्या गल्लीतल्या गिरणीवाल्या काकू चालतील. जीभ तिखट, पण डोळे कोरडे ठणठणीत.

मॅडम : हाताला चव?

वाटाड्या : नवरा जेवतो बिचारा.

मॅडम : 'अस्सल चव' लिहिते. आणखी एक विचित्र मागणी आहे. ताट एकच, दोघांत. मधोमध भाताचा बांध घालायचा. पलीकडचं कालवण अलीकडे आलं की भांडायचं. तुमच्याकडचा रिवाज आहे का हा? पत्रकात छान दिसेल.

(वाटाड्या फॉर्म आपल्याकडे ओढून घेतो.)

मॅडम : अहो, गुप्त आहे तो!

वाटाड्या : रिवाज कसला, मॅडम. तो बांध मी घालायचो. धाकट्यानं माझं कालवण पळवू नये म्हणून.

मॅडम : म्हणजे पाहुणा सत्तावीस...

वाटाड्या : माझा सख्खा भाऊ. बारा वर्षं झाली जाऊन. घर विकू म्हणत होता. मी म्हटलं, पुन्हा हा उंबरा चढलास तर तंगडं मोडीन. जन्मात कधी माझं ऐकलं नाही मेल्यानं, नेमकं तेवढंच ऐकलं.

मॅडम : अरे देवा! पण मग तुमचं घर चालणार नाही. अट अनोळखी घराची आहे.

वाटाड्या : बारा वर्षांत एक अक्षर बोललो नाही आम्ही. याहून अनोळखी घर कुठून आणू?

मॅडम : त्यांनी स्वतः लिहिलंय, 'नातेवाईक आहेत, त्यांच्याकडे नेऊ नये.'

वाटाड्या : तंगड्याच्या भीतीनं लिहिलं असेल. ते मी मागे घेतलं म्हणून कळवा. चूक माझी होती, हेही कळवा. मॅडम, आई ऐंशीची झाली. तिचा पोरगा मागच्या गल्लीत दुसऱ्याच्या आईच्या हातचं जेवणार आणि ती इकडे एकटी जेवणार? मला नाही हो बघवणार.

मॅडम : त्या रडतील?

वाटाड्या : धो धो. 'नैसर्गिक' लिहा.

मॅडम : थांबा, निरोप पाठवते... आलं उत्तर. 'चालेल' म्हणतायत. एवढंच.

वाटाड्या : पुष्कळ झालं.

मॅडम : मग पक्कं. एक वाजता जेवण, अडीचला गाडी पुढच्या मुक्कामाला निघेल. आईंना आधी सगळं नीट सांगून ठेवा.

वाटाड्या : तो येतोय, हे सांगतो. अडीचचं नाही सांगत.