ताई, आता फोनवर होतंय

सुशीलाताईंच्या घरची मंडळी, उमरीच्या वाचनालयाचे सभासद, लातूरहून आलेले वसतिगृहाचे सचिव साहेब, आणि आजूबाजूच्या गावांतून हातातलं काम टाकून ताईंच्या शोकसभेला आलेल्या आयाबहिणींनो,

आत्ताच पंचशील झालं. मला भाषणाची सवय नाही. नांदेडला माझं वेबसाइट बनवायचं छोटं ऑफिस आहे, दिवसभर कम्प्युटरपुढं बसायचं, एवढंच माझं काम. इथं बरेच जण मला ओळखत नाहीत. परवा ताईंच्या मुलीचा, सुजाताचा फोन आला. म्हणाली, "दादा, आईनं दवाखान्यात तुमचं नाव लई घेतलं. तुम्ही दोन शब्द बोला." नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. ताईंनी माझं नाव का घेतलं ते मला माहीत आहे. तेच सांगायला उभा राहिलोय. आधी सगळं ऐकून घ्या, मग मला काय म्हणायचं ते म्हणा.

माझ्या आधी बोलणाऱ्यांनी वाचनालयातल्या ताई सांगितल्या. पुस्तक परत केलं की "कसं वाटलं?" विचारायच्या आणि उत्तर दिल्याशिवाय दुसरं द्यायच्या नाहीत, हे ऐकून मला आत्ता कळलं. मला त्या ताई माहीत नाहीत. माझ्या ताई फोनवरच्या.

तीन वर्षांपूर्वी लातूरच्या मुलींच्या वसतिगृहाची वेबसाइट मी केली. दहावी झालेल्या, गावाकडच्या, हुशार पोरींसाठी ते वसतिगृह. अर्ज फक्त वेबसाइटवरून. मी साइट नीट केली होती. कम्प्युटरवर मोठी दिसायची, फोनवर फोनच्या मापात बसायची. आजकाल साइट करायची तर अशीच करतात, त्यात माझं काही विशेष नाही.

मग लातूरला कमिटीसमोर ती दाखवली. भिंतीवर, प्रोजेक्टरवर. पहिल्या पानावर कमिटीचे सात फोटो, एका ओळीत. सगळे खूश. तेवढ्यात एका पदाधिकाऱ्यांनी आपल्या फोनवर साइट उघडली. फोन केवढासा, त्यात सात फोटो शेजारी शेजारी कसे मावणार? ते एकाखाली एक आले. वर अध्यक्ष, मग उपाध्यक्ष, आणि हे साहेब सगळ्यात खाली. ते म्हणाले, "मी तळाला कसा काय?" दुसरे म्हणाले, "मग आम्ही काय तुमच्या खाली यायचं?" अर्धा तास तोच विषय. तुम्हाला हसू येत असेल, हसा. आपल्याकडं बॅनरवर कोणाचा फोटो कुठं, यावरून भावाभावांत अबोला होतो. शेवटी ठरलं, पत्रिकेवर छापतात तसं सगळं एका ओळीत राहू द्या, फोनवरसुद्धा.

मी कमिटीला दोष देत नाही. त्यांना यातलं काय कळतंय? मला कळत होतं. फोटो एका ओळीत ठेवायचे म्हणून मी साइट फोनच्या मापात बसायची तेच बंद केलं. कम्प्युटरच्या रुंदीला ठोकून टाकली. त्यामुळं फोनवर पान उजवीकडं कापलं जायला लागलं, बोटानं सरकवलं तरी सरकायचं नाही, आणि 'अर्ज सादर करा' हे बटण बरोबर त्या कापलेल्या भागात गेलं. मला हे दिसलं होतं. मनात म्हटलं, नंतर बघू.

पहिल्याच उन्हाळ्यात, साइटवर दिलेल्या माझ्या नंबरवर ताईंचा फोन आला. "दादा, सगळं भरलं, फोटो टाकला, आता पुढं काय करायचं? बटण कुठं हाय?" मी म्हणालो, ताई, कम्प्युटरवर उघडा, दिसंल. त्या म्हणाल्या, "कम्प्युटर वाचनालयात एकच हाय." मी म्हणालो, मग तिथून भरा की. मोकळा झालो.

आणि ताईंनी तिथून भरले. एकीचा नाही, सगळ्यांचे. इथं बसलेल्या किती जणींचे अर्ज ताईंनी भरले ते तुम्हालाच माहीत. लाइट गेली की थांबायच्या, आली की पुन्हा पहिल्यापासून. तिकडं नांदेडला मी काय बघत होतो? अर्ज येतायत. उमरीकडून तर चांगलेच येतायत. अर्ज येतायत म्हणजे साइट चालतेय. असं मी स्वतःला सांगितलं. ती साइट चालत नव्हती. ताई चालवत होत्या.

मधून मधून त्यांचा फोन यायचा. मी म्हणायचो, "करून राहिलो ताई, पुढच्या आठवड्यात." तीन वर्षं माझा पुढचा आठवडा आला नाही. त्या कधी चिडल्या नाहीत. एकदा फक्त म्हणाल्या, "दादा, आमच्याकडं घरटी एक फोन हाय. कम्प्युटर कुणाकडं हाय? तुम्ही ते कुणासाठी बनविलं?" मी हसून विषय बदलला.

मागच्या वर्षी लातूरला माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ. खेड्यापाड्यातून एवढे अर्ज आले म्हणून. मी माइकवर बोललोसुद्धा, की गाव आता ऑनलाइन झालंय. ताई शेवटच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या. कार्यक्रम संपल्यावर जवळ आल्या. म्हणाल्या, "सत्कार झाला, लई चांगलं झालं. आता तेवढं बटण बघा." मंडळी, त्या दिवशी मला लाज वाटायला पाहिजे होती. मला राग आला. सगळ्यांसमोर कशाला बोलल्या, असं वाटलं.

आता या वर्षीचं सांगतो.

ताई नांदेडला दवाखान्यात होत्या. वाचनालयाला कुलूप. अर्जाची मुदत संपायला चार दिवस राहिले होते. दवाखान्यातून ताईंचा फोन आला. धाप लागत होती, एकेक शब्द थांबून बोलत होत्या. "दादा, यंदा मी न्हाई तिथं. चार पोरी हायत. ते बटण झालं का?" झालं नव्हतं. मी दुसऱ्या एका कामात होतो, आणि आजारी बाईला नाही कसं म्हणायचं, असंही वाटलं. मी म्हणालो, "झालं ताई. आता फोनवर होतंय. तुम्ही फिकीर करू नका, आराम करा."

मनात होतं, संध्याकाळपर्यंत करून टाकू. संध्याकाळी विसरलो. दुसऱ्या दिवशीही विसरलो.

ताईंनी ते खरं मानलं. खाटेवरून चारही घरी फोन लावले. "उमरीला कम्प्युटर हुडकत जायची गरज न्हाई, रोजची मजुरी बुडवू नका. दादानं करून दिलंय, घरीच फोनवर भरा." ताईंनी सांगितलं म्हटल्यावर कोण शंका घेणार? कोणी कुठं गेलं नाही. घरीच भरत बसले.

मुदत संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी ताई गेल्या. त्याच दिवशी मी बघितलं, तर या भागातून एकही अर्ज नाही. मला वाटलं, सर्व्हर बंद पडला. तेव्हाही मला सर्व्हरच आठवला बघा, ताई नाही. मग त्यातल्या एका मुलीच्या वडिलांचा फोन आला. ते आता इथं बसलेत. ते मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "साहेब, बाईंनी सांगितलं होतं फोनवर होतंय म्हणून. शेजाऱ्यापाजाऱ्याचे तीन फोन आणून बघितले. आम्हा गरिबांचे फोनच भंगार असतेत. आता काही होईल का?"

भाऊ, तुमचा फोन चांगला होता. तिन्ही फोन चांगले होते. पोरीसमोर स्वतःला बोल लावू नका. मी खोटं बोललो होतो.

त्याच सकाळी, तो फोन ठेवल्यावर बसलो आणि साइट दुरुस्त केली. सात फोटो एकाखाली एक आले, बटण जागेवर आलं. जेवायच्या आत काम झालं. तीन वर्षं टाळलेलं काम जेवायच्या आत झालं, हे मला तेव्हापासून घास गिळू देत नाही.

सुजाता, तू मला माइक दिलास तेव्हा तुला हे माहीत नव्हतं. तुझी आई मला चांगलं म्हणत गेली ते या खोट्यावर विसंबून. त्यांना खरं कळलं नाही याचं कधी कधी मला बरं वाटतं, आणि तसं बरं वाटतंय याचीच जास्त शरम वाटते. माफी मागायला त्या नाहीत. ज्यांची मागायची त्या चौघी मागं बसल्यात. पोरींनो, चूक माझी होती. तुमची नाही, आणि ताईंची तर मुळीच नाही.

सचिव साहेब, तुम्ही एवढ्या लांबून आलात. मी काल तुम्हाला पत्र लिहून पाठवलंय, चूक कोणाची ते त्यात माझ्या सहीनं आहे. लागलं तर कमिटीपुढं येऊन हेच बोलतो. मागची शाल परत करायला सांगितली तर तीही परत करतो. या चौघींचे अर्ज घ्या. मुदत संपली असं तुम्ही म्हणाल, नियम आहे हे मलाही माहीत आहे. उत्तर आत्ता देऊ नका.

आधी ताईंसाठी दोन मिनिटं उभे राहू. मी खाली येऊन त्या चौघींच्या शेजारी उभा राहतो. दोन मिनिटं झाली की तुम्ही बोला साहेब, आम्ही सगळे इथंच आहोत.

सुशीलाताई, तुम्हाला माझं अभिवादन.

उभे राहा, मंडळी.