मंगळवारच्या कोपऱ्यावरचं पाणी

म्यानमारमधल्या बगानच्या जुन्या पॅगोड्यात मंगळवारी जन्मलेल्यांच्या बुद्धमूर्तीपुढे आमची रांग होती. तिथे प्रत्येक जन्मवाराचा कोपरा वेगळा आणि त्याचा प्राणीही वेगळा. वयाइतके पेले पाणी मूर्तीवर घालायचं, वर एक जास्त. माझ्यापुढे मंडालेहून आलेल्या न्यो सेनबाई आणि त्यांचे यजमान ऊ म्या थीन.

"अठ्ठावन्न, एकोणसाठ. झालं बाई! चला हो."

"अगं, घाई काय आहे? नीट आठव."

"त्यात आठवायचं काय? वय अठ्ठावन्न, वरचा एक."

"लग्नात तू विशीची होतीस, नाही का?"

"विशीचीच! आई बोलली नव्हती तुम्हाला?"

"बोलली होती ना. तेव्हा तुझा धाकटा भाऊ चोवीस वर्षांचा होता."

"इश्श! बुद्धापुढे काय हे भलतंसलतं!"

"बरं, राहिलं. तू हो पुढे, चपला बघ. मी आलोच."

"तुमचा इथं काय संबंध? तुमचा जन्म गुरुवारचा. तुमचा उंदराचा कोपरा पलीकडे आहे."

"माहीत आहे. पण तुझे उरलेले पाच पेले दरवर्षी मीच घालतो."

"दरवर्षी?"

"अडतीस वर्षं."

"अहो..."

"काय गं?"

"सात घाला."