बोलायची पाळी

मी मूळचा कामठ्याचा, गोंदियाजवळचं कामठा, आता तुमी मले सडक अर्जुनीले हायवेवर चहा इकताना पाहून राहिले ते नंतरची गोष्ट होय. आमी पोवार, आमचे बापजादे माळव्यातून आले म्हनतेत, कोन पाह्यलं, मी तं एवढंच जानतो का आजापासून घरात धानाची शेती, थोडी सोताची, थोडी ठेक्याची. आमच्या घराच्या मांगं फागुलाल काकाजीचं घर आन त्याइचा एकुलता एक पोरगा झनक. मी आन झनक एकाच वर्गात, एकाच तलावात पोहलो, एकाच मास्तराचा मार खाल्ला. मार मले कमी आन त्याले जास्त, काऊनका त्याचं तोंड बंदच नाइ राहे. मास्तरनंच त्याचं नाव रेडिओ ठेवलं, मंग सारा गाव रेडिओ म्हने. काकाजी तं जेवताना बी त्याले म्हनत का बाबू, तोंडाले कुलूप लाव एखांद्या वेळी, तुह्या बोलन्यानं एक दिवस घात होईल. हे ध्यानात ठेवा तुमी, कायले सांगून राहिलो ते पुढं समजंल.

दोघंबी सळया बांधायचं काम शिकलो, गोंदियात राइस मिलचे गोदाम बांधले, मंग एक एजंट भेटला, त्यानं आमाले ओमानले पाठोलं. गावात सारे म्हनत पोट्टे दुबईले गेले. आमच्या इकडं समुद्र ओलांडला का दुबईच, मस्कत असो का कुवेत. लोक मले आजबी इचारतेत, का टेकचंद, तिकडचे रोड कसे हायेत. रोड असे का ताटातला भात सांडला तं उचलून खावा. पांढरे पट्टे मारलेले, जागोजागी कॅमेरे, लाल दिव्यावर सारे गुमान थांबत. मीबी पहिल्यांदा पाह्यलं तं म्हटलं, इथं मानूस रोडवर मरूच नाइ शकत.

पन काय सांगू तुमाले, ते सारं कोनासाठी होतं, तं साहेब लोकाइसाठी. त्याइच्या गाडीत पट्टा नाइ लावला का गाडीच टिंगटिंग वाजे, लाव म्हने, लावल्याबिगर गप नाइ बसे. आन आमची बस? तिच्यात पट्टेच नोते तं वाजंल काय. एसी बंद, खिडक्या जाम, सीटा प्लास्टिकच्या आन समोर लोखंडी पाइप, ब्रेक मारला का दात त्याच्यावर. रोड एकच, ऊन एकच, पन त्या गाडीतला मानूस होय आन या गाडीतलं सामान होय. मी हे बोललो का लोक म्हनतेत लइ चिडते तू. हो, चिडतो. तुमी नाइ चिडनार काय?

बस चालवे खान चाचा. पेशावरकडचा पठान, दाढी पिकलेली, आमच्यासंगं हिंदीत बोले, आन गोंदियावाल्याले हिंदी काय शिकवा लागते. भला मानूस होता. पन कंपनीनं त्याले कसं वापरलं, तं अंधारात आमाले साइटवर सोडा, मंग रातपाळीवाल्याइले घेऊन जा, मंग आफिसवाल्याइले सोडा, मंग दुपारी आमाले आना, संध्याकाळी आनखी चकरा. झोपे कवा? आमी कामावर गेलो का बसच्या सावलीत पडे, तं फोन वाजे. त्यानं दुसरा ड्रायव्हर मांगतला, कंपनी म्हने पाहू. आमी मांगतला, तं म्हने तुमी सळया बांधा. एक दिवस सकाळी चाचाले डुलकी लागली आन बस रोड सोडून रेतीत घुसली. कोनाले काही झालं नाइ, आमीच उतरून बस ढकलत रोडवर आनली.

त्या दिवसापासून आमी पाळ्या लावल्या. तुमाले माहीत असंल, आमच्याकडं तलावाचं पानी धानाले पाळीनं सोडतेत, आज याच्या बांधीत, उद्या त्याच्या. तसंच. आज ज्याची पाळी त्यानं चाचाच्या बाजूच्या सीटवर बसायचं आन पोहोचेपर्यंत बोलत राह्यचं. काहीबी बोला, पन चाचाले हो का नाइ म्हनावं लागलं पाह्यजे. आमी त्याले बोलपाळी म्हनत होतो. संगं नेपाळी होते, बिहारी होते, तेबी बोलपाळी म्हनाले लागले. झनक सोताची पाळी तं करेच, दुसऱ्याइचीबी मांगून घे. ज्या तोंडापायी जनमभर बोलनं खाल्लं, ते तोंड तिथं साऱ्याइच्या कामाले आलं.

आन सांगे काय, तं म्हशीची गोष्ट. आमच्या लहानपनी काकाजीनं बाजारातून म्हस आनली, ते म्हस दावं तोडून आपल्या जुन्या मालकाच्या घरी जाये आन काकाजी तिले पायी आनाले जात. एवढीच गोष्ट होय. पन झनक तिले रबरासारखी ताने. आज म्हस नदीत उतरली, उद्या म्हस रेल्वे फाटकावर अडली, परवा म्हस कोनाच्या लग्नाच्या मांडवात घुसली. चाचा हसहसून म्हने, फिर भैंस का क्या हुआ? आन बस पोहोचली का झनक म्हने, बाकी कल. असे कितीतरी महिने आमी त्या म्हशीच्या पाठीवर बसून जिते राहिलो.

मंग आला सेफ्टीवाला साहेब. नागपूरकडचा, आपलाच मराठी मानूस, मले लइ बरं वाटलं होतं का चला, आपलं कोनी आलं. दर हप्त्याले आमाले उन्हात उभं करे आन वरडाले लावे, सेफ्टी फर्स्ट, आन सोता एसीच्या गाडीत बसून निघून जाये. त्यानं एक दिवस पाह्यलं का झनक ड्रायव्हरसंगं बोलून राहिला. दुसऱ्या दिवशी बसमध्ये स्टिकर लागला का ड्रायव्हरशी बोलू नका, आन चाचाच्या बाजूची सीट नट खोलून काढून नेली. मी गेलो त्याच्याकडं, मराठीतच बोललो, म्हटलं साहेब, आमी टाइमपास नाइ करत, त्या मानसाची झोप होत नाइ, तुमी त्याले झोपू द्या, आमी आजपासून बोलनं बंद करतो. तं मले म्हने, टेकचंद, नियम म्हनजे नियम. झोपेचा नियम नोता काय त्याच्याजवळ? स्टिकर चिपकवाले थुंकी पुरते, दुसरा ड्रायव्हर ठेवाले पगार लागते, एवढाच नियम होता तो.

ते दुपारची वेळ होती, साइटवरून परत येत होतो. त्या दिवशी फोरमनची गाडी कुठं गेली होती म्हनून तो आमच्या बसमध्ये चढला. झनक चाचाजवळ जाऊन उभा राहिला, सीट तं नोतीच, तं फोरमननं त्याच्या हाताले धरून मांगं आनलं, म्हने स्टिकर नहीं देखा क्या, बैठ. झनक पहिल्या सीटवर बसला, मी त्याच्या मांगं, फोरमन एकदम शेवटी जाऊन बसला. थोडं अंतर गेलो. चाचानं आरशातून पाह्यलं, डोळे गुंजीसारखे लाल झालेले, आन म्हने, झनक, भैंस का क्या हुआ? झनकनं मांगं वळून फोरमनकडं पाह्यलं. फोरमन तिथूनच वरडला, चुपचाप.

मी झोपलो नोतो, हे मी कोनाच्याबी समोर सांगतो. मांगचे सारे झोपले, मी आन झनक जागे होतो. बस इतकी चूप होती का समोरच्या लहानशा पंख्याचा आवाज येत होता. मंग बस हळूहळू उजवीकडं सरकाले लागली, तिथं कडेले ट्रेलर उभा होता. झनक वरडला, चाचा म्हनून. त्या साऱ्या रस्त्यात तो तेवढाच एक शब्द बोलला. चाचा गेला, झनक गेला, एक बिहारी पोट्टा होता तो गेला. माहा हा हात पाहा, अजून मूठ नाइ मिटत.

दवाखान्यात कंपनीवाले आले तं मी पडल्यापडल्या सारं सांगतलं. फोरमननंबी सांगतलं, मांगं बसला होता म्हनून वाचला होता तो. त्यानं सांगतलं का झनक ड्रायव्हरसंगं बोलत होता. कंपनीले तेच पाह्यजे होतं. स्टिकर लावला होता, मानसानं आइकलं नाइ, कंपनी मोकळी. आन मी गावाले फोन करायच्या अगोदर त्याइनं कामठ्याले काकाजीले फोन केला. त्या सेफ्टीवाल्यानंच केला, मराठी येते म्हनून. म्हने बाबा, तुमचा मुलगा ड्रायव्हरशी बोलत होता, त्याच्यामुळं अपघात झाला. पोरगा मेला हे सांगा ना, सांगाच लागते, पन त्याच्या मढ्यावर आनखी दोन मढे कायले ठेवता रे? जो साऱ्याइले जागवत होता त्याच्याच नावावर?

मी प्लास्टर घेऊन गावाले आलो तवा तेरवी होऊन गेली होती. काकाजीच्या घरी गेलो, म्हटलं काकाजी, तो बोलला म्हनून नाइ मेला, त्याले बोलू नाइ देल्लं म्हनून मेला. बुढा खालीच पाहून म्हने, तू त्याचा दोस्त होस, तू असंच म्हनशील, मले माहा पोरगा माहीत नाइ काय. तवापासून काकाजीनं बोलनंच सोडलं. ऑटोत बसो का बसमध्ये, खांद्यावरचा दुपट्टा तोंडाले गुंडाळून बसत, जसं काई तोंडातून शब्द निघाला तं आनखी कोनी मरंल. आन गावातले लोक, काय सांगू तुमाले. कोनी म्हने नशीब, कोनी म्हने लिहून आलं होतं, कोनी म्हने रेडिओनं शेवटी घात केलाच. नशीब म्हने. अरे, नशिबानं सीट खोलून नेली काय? नशिबानं खान चाचाले झोपू नाइ देल्लं काय?

या हातानं सळया बांधनं होत नाइ, म्हनून इथं टपरी टाकली. मुद्दाम हायवेवर टाकली आन निंबाखाली खाटा ठेवल्या. डोळे लाल दिसले का मी ड्रायव्हरले चहा देत नाइ, म्हनतो पहिले झोप. काही शिव्या देतेत, काही झोपतेत. लोक मले पागल म्हनतेत. म्हनतेत तिकडं विदेशात कसे नियम, आपल्याकडं काहीच नाइ. मी म्हनतो दोन्हीकडं एकच हाय, तिकडं स्टिकर लावतेत आन इकडं लिंबूमिरची. ड्रायव्हर झोपला का, हे ना तिकडं कोनी इचारे, ना इकडं कोनी इचारते.

यंदाच्या उन्हाळ्यात कामठ्याची वऱ्हाडाची बस थांबली इथं. ड्रायव्हर जवान पोट्टा, रातभर दुसरं वऱ्हाड घेऊन फिरला होता, चहाचा कप धरला तं अर्धा चहा बशीत. मी चाबी काढली आन खिशात टाकली. मंग जो गोंधळ झाला. नवऱ्याचा मामा अंगावर आला, म्हने लग्नाची वेळ चालली, काही नाइ होत, मी बसतो त्याच्याजवळ बोलत. म्हटलं बोलून कोनाची झोप पुरी नाइ होत, आमी करून पाह्यलं, आमाले दुसरा रस्ता नोता म्हनून केलं, तुमाले हाय, हे खाट हाय. त्यानं माही कॉलर धरली.

तं मांगून आवाज आला, झोपू दे रे त्याले. पाहतो तं बसच्या दारात काकाजी उभे, दुपट्टा तोंडावरून खाली केलेला. मामानं माही कॉलर सोडली, त्या बुढ्याचा आवाज लोक इसरून गेले होते. काकाजी म्हने, मी कामठ्यापासून याच्या मांगं बसून राहिलो. बसमध्ये सारे झोपले होते, एक मानूस बोलत नोता, तरी याची मान पडून राहिली होती. टेकचंद म्हनत होता ते खरं होय. माहा पोरगा चूप होता. एवढं म्हनून ते पायरीवरच बसले.

ड्रायव्हर झोपला. वऱ्हाड झाडाखाली कुरकुरत बसलं. काकाजी माह्याजवळ आले, चहा घेतला आन इचारलं, बोले काय रे तो तिथं? म्हटलं म्हशीची गोष्ट सांगे, तुमी बाजारातून आनली होती ते, पळून जाये ते. काकाजी म्हने, ते तं दोन-तीनदाच पळाली, मंग रमली, एवढं काय सांगे तो त्याच्यात? मी सारं सांगतलं, नदी, फाटक, मांडव. बुढा हसाले लागला, म्हने लबाड कुठला, आन हसताहसताच रडाले लागला. मीबी रडलो, कायले लपवू.

ऊन उतरलं तवा ड्रायव्हर उठला, तोंड धुतलं, मी चाबी देल्ली. काकाजी चढले ते मांगं नाइ गेले. ड्रायव्हरच्या बाजूले नवऱ्याचा मामा बसला होता, त्याले उठोलं आन सोता बसले. बस सुरू झाली तं मले खिडकीतून आइकू आलं, बुढा त्या पोट्ट्याले सांगून राहिला होता, बाबू, आमच्या घरी एक म्हस होती.

लग्न उशिरा लागलं पन लागलं, सारे सुखरूप घरी आले. नवऱ्याचा मामा माह्यासंगं बोलत नाइ, नोको बोलू. माहा राग गेला नाइ आन जाऊबी नोको, राग हाय म्हनून या खाटा हायेत. तुमी लिहून घेऊन राहिले ते लिहा, कंपनीनं नाइ आइकलं, कोनी तं वाचंल. पन तुमी भाड्याच्या गाडीनं आले ना? तुमचा ड्रायव्हर मघापासून स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसला हाय, मी पाहून राहिलो. रातचा झोपला का, इचारलं काय त्याले? जा, बोलवा त्याले. खाट रिकामी हाय.