दोन्ही चाव्या

गॅरेजमध्ये माझ्या शेजारच्या बाकावर एक वयस्कर जोडपं बसलं होतं. मेकॅनिक हात पुसत त्यांच्याकडे आला.

“काका, गाडीचा कंट्रोल मॉड्यूल नवा बसवलाय. तो जुन्या चाव्या ओळखत नाही. असतील तेवढ्या द्या, आत्ताच त्याच्याशी जोडून देतो.”

“ही माझी. अगं, तुझी काढ.”

“माझी राहू द्या हो. हात असा झाल्यापासून मी कुठे चालवते?”

“पर्समध्ये आहे ना?”

“आहे आपली पडलेली.”

“पडलेली कसली? पर्स बदललीस की आधी तीच काढून नव्या पर्समध्ये टाकतेस. मला दिसत नाही होय?”

“डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंत ना?”

“ऐकलं. एवढ्यात नाही म्हणाले. कधीच नाही, असं कुठे म्हणाले?”

“आणि नाहीच जमलं तर?”

“तर नुसती गाडीत बसून गाणी ऐक. दे इकडे.”

“काका, कुठली आधी जोडू?”

“हिची.”

“मग काकू, तुम्हीच बसा सीटवर. मी इकडे लॅपटॉपवर बघतो, सांगितलं की चावी फिरवा.”

“अरे, माझा उजवा हात वळत नाही.”

“डाव्याने फिरव गं. घाई कोणाला आहे?”

काकू गाडीत जाऊन बसल्या आणि वाकून डाव्या हाताने चावी फिरवू लागल्या. मग इंजिन सुरू झालं.

“अहो, सीट किती मागे नेऊन ठेवलीत. माझे पाय पोचत नाहीत.”

“मग घे की पुढे ओढून. घरी जाताना मी गुडघे आवळून चालवीन.”